नाशिकचा शिलालेख आणि डहाणूचा किनारा

नाशिक हे नदीकाठचे गाव. समुद्राशी त्याचा संबंध काय, असा प्रश्न कोणी केला तर पुष्कळसे नाशिककर उत्तरासाठी अडखळतील. गोदावरी त्र्यंबकाच्या डोंगरात उगम पावते, आणि जवळच्या पश्चिम समुद्राकडे पाठ फिरवून थेट पूर्वेच्या उपसागराची वाट धरते. जिकडे नदीचे तोंड तिकडेच गावाचेही तोंड, असे काहीसे येथे झाले आहे. सुटीत चार दिवस डहाणूस हवापालटासाठी जाणारे आमच्याकडील कुटुंब आपण परक्या मुलखात चाललो आहोत, अशाच भावनेने घाट उतरते. ही भावना खरी नव्हे, आणि ती खरी नसल्याचा लेखी पुरावा खुद्द नाशिकच्याच डोंगरात कोरलेला आहे, एवढे दाखवावे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शहरापासून सुमारे पाच मैलांवर त्रिरश्मी नावाच्या टेकडीत जी बौद्ध लेणी आहेत, त्यांना आपण पांडवलेणी म्हणतो. त्यांपैकी दहाव्या लेण्याच्या ओसरीत क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचे लेख आहेत. हा दीनिकाचा पुत्र. नहपानाची कन्या दक्षमित्रा ही याची पत्नी. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाचा. आपण कोणकोणती दाने केली याची यादी त्याने येथे दिली आहे. गाईंचे दान, गावांचे दान, ब्राह्मणभोजन, हे सर्व अशा लेखांत अपेक्षितच असते. परंतु याच यादीत वाचकाला थबकविणारी एक गोष्ट आहे. इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या सहा नद्यांवर त्याने पुण्यार्थ, म्हणजे उतारूकडून मोल न घेता, नावा ठेवल्या, आणि दोन्ही तीरांवर विसाव्याची स्थाने व पाणपोया घातल्या. यांतील दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी, दमणा म्हणजे दमणगंगा आणि पारादा म्हणजे पार नदी, असे विद्वानांनी ठरविले आहे. डहाणूचे नाव अशा रीतीने अठराशे वर्षांहून अधिक काळ नाशिकच्या दगडात आहे.

आता नेमक्या याच सहा नद्या का? नकाशा पुढे घेतला म्हणजे उत्तर आपोआप मिळते. याच लेखात धर्मशाळा बांधल्याबद्दल ज्या गावांचा उल्लेख आहे, त्यांत भरुकच्छ म्हणजे भडोच आणि शूर्पारक म्हणजे सोपारा ही दोन मोठी बंदरे आहेत. सोपाऱ्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने भडोचेस जाणाऱ्या माणसाला याच खाड्या आणि नद्या आडव्या येतात. म्हणजे उषवदाताचे हे दान सुट्या सहा ठिकाणचे नव्हते. एक अखंड किनारमार्ग त्याने वाहता केला होता. त्यात पुण्याबरोबर राजकारणही असावे. ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रवर्णनात कल्याण बंदरी चुकून आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचेस नेली जात, असे सांगितले आहे. ज्याला व्यापार भडोचेकडे वळवावयाचा होता, त्या घराण्याला भडोचेचा रस्ता सुगम करणे सोयीचेच होते. आणखी एक गंमत अशी की, पार आणि दमणगंगा या दोन्ही नद्या नाशिक जिल्ह्यातीलच सह्याद्रीत उगम पावतात. गोदावरीने पश्चिम समुद्राकडे पाठ फिरविली हे खरे. पण तिच्या या शेजारणींनी ती फिरविलेली नाही.

डहाणू जवळजवळ नाशिकच्याच अक्षांशावर, सरळ पश्चिमेस, पक्ष्याच्या वाटेने सुमारे सत्तर मैलांवर आहे. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार असा घाट उतरत गेले म्हणजे हवा जड होत जाते, सागाची जागा ताड घेतात, आणि शेवटी सुरूच्या झाडांच्या रांगेपलीकडे पाण्याचा आवाज ऐकू येतो. येथून उत्तरेस बोर्डीपर्यंत सपाट, काळसर वाळूचा किनारा आहे. ओहोटीला पाणी इतके दूर जाते की समुद्र पाहावयास आलेल्या मुलांची क्षणभर निराशा व्हावी. आतल्या बाजूस चिकूच्या वाड्या आहेत; डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. खाडीच्या तोंडाशी पोर्तुगीजांच्या वेळचा किल्ला आहे. तो १७३९ सालच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला. किल्ल्यापाशी उभे राहून खाडीकडे पाहिले असता उषवदाताच्या नावा येथेच कोठेतरी लागत असतील, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. सुरत-मुंबई लोहमार्ग १८६४ साली पुरा झाला. तेव्हापासून त्या सहाही पाण्यांवरून माणूस बसल्या जागेवरून उठण्याचीही तसदी न घेता पार होतो.

डहाणूस आलेल्या प्रवाशाने एक दिवस आणखी उत्तरेस जावे. बोर्डीजवळ बाहरोटचा डोंगर आहे. संजाणचा पाडाव झाला तेव्हा पारशांनी आपला पवित्र अग्नी तेथील गुहांत बारा वर्षे जतन केला, अशी परंपरा आहे, इ. स. १६००च्या सुमारास रचलेल्या ‘किस्सा-ए-संजाण’ या फारसी काव्यात ती नोंदलेली आहे. पुढे हाच अग्नी १७४२ साली उदवाड्यास गेला. संजाणच्या पश्चिमेस, अगदी समुद्राला लागून, नारगोळ हे गाव आहे. १९६० साली मुंबई राज्याची वाटणी झाली तेव्हा उंबरगाव तालुक्याच्या या पट्ट्याचा समावेश गुजरातेत झाला. हे नारगोळ म्हणजेच त्रिरश्मीच्या लेखातील ‘नानंगोल’ होय, असे मानले जाते. उषवदाताने येथील बत्तीस हजार नारळी चरक नावाच्या भ्रमंती करणाऱ्या संन्याशांच्या परिषदांना दिल्या. ज्या ठिकाणच्या परिषदांना हे दान पोचले त्यांत नाशिकजवळचे गोवर्धन आहे आणि सोपाऱ्याचे रामतीर्थही आहे. दुसऱ्या लेखात चिखलपद्र गावच्या आठ हजार नारळींचे दान निराळेच आहे. हवापालटास आलेल्या आपल्याला झाडांची रांग ही शोभा वाटते. उषवदाताच्या कारकुनाला ती मोजदाद करण्याजोगी मिळकत वाटली. दोन्ही दृष्टी खऱ्या आहेत.

परंतु येथे एक प्रश्न उभा राहतो. बत्तीस हजार झाडे देणाऱ्याचे नाव राहिले. त्यांना पाणी घालणारे, त्यांवर चढणारे, फळ उतरविणारे आणि त्या सहा नद्यांवर नावा वल्हविणारे कोण? लेखात त्यांना जागा नाही. आणि त्यांच्यावाचून दान टिकत नाही, हे नाशिकचीच लेणी सांगतात. गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा उच्छेद केला. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांवर रुप्याची नाणी सापडली; त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. तथापि नाण्यावरचा चेहरा मोडणाऱ्या या राजाने धर्मदाय मोडला नाही. उषवदाताच्या भोगातले दोनशे निवर्तने शेत त्याने आपल्या अठराव्या वर्षी त्रिरश्मीच्या भिक्षूंना दिले. पुढे चोविसाव्या वर्षाचा जो लेख तिसऱ्या लेण्यात आहे, तो अधिक बोलका आहे. भिक्षूंना पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही आणि गावात वस्ती नाही, म्हणून राजा व राजमाता त्यांना नगरसीमेवरची दुसरी शंभर निवर्तने जमीन देत आहेत, असे त्यात म्हटले आहे. राजाज्ञा होती, दगडावर अक्षरे होती. नांगर धरणारे हात मात्र तेथे उरले नव्हते.

डहाणूच्या भूमीने हाच धडा आपल्या नजीकच्या काळातही दिला आहे. किनाऱ्याच्या वाड्यांमागे जो डोंगराळ मुलूख आहे, तो वारल्यांचा. चैत्रात महालक्ष्मीच्या यात्रेला त्यांची दाटी होते, आणि याच तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी भिंतीवरची पांढरी चित्रे जगासमोर नेली. पण त्यांच्या वाडवडिलांनी जमीनदारांच्या शेतांत आणि गवताच्या कुरणांत वेठ केली होती; लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायकोने जन्मभर राबावे, अशी ‘लग्नगड्या’ची रीत होती. १९४५ साली डहाणू व उंबरगाव तालुक्यांतील वारल्यांनी ही वेठ नाकारली. त्या लढ्याची हकीकत गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली आहे. किनाऱ्यावर वारा खात बसणाऱ्या प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने ती एकदा वाचावी, असे आम्हांस वाटते.

नाशिकास परत आल्यावर पुन्हा एकदा त्रिरश्मीची टेकडी चढावी. उषवदाताचे दहावे लेणे भव्य आहे; खांब, त्यांवरील पशू, आतल्या खोल्या, सारे राजजामातास साजेसे. त्याच्या अलीकडे, एकच लेणे सोडून, आठवे लेणे आहे. ते लहान आहे, आणि घाईतले प्रवासी तेथे थांबत नाहीत. त्याच्या ओसरीत एक छोटी ओळ आहे: हे लेणे दासक मुगूदास याने आपल्या परिवारासह दिलेले दान आहे. दासक म्हणजे मासे धरणारा, कोळी, असा अर्थ विद्वानांनी केला आहे. त्याचे जाळे गोदावरीत पडे की दूरच्या खाडीत, हे तो सांगत नाही. गाईंची, गावांची, नारळींची गणतीही त्याच्यापाशी नाही. राजाचा जावई जेथे आपली दाने मोजीत होता, त्याच डोंगरात या पाण्यावर पोट भरणाऱ्या माणसाने दगड फोडवून आपले नाव घातले. डहाणूचा समुद्र पाहून आलेल्या नाशिककराने या ओळीपुढे घटकाभर उभे राहावे. आपला समुद्र परका नाही, ही खूण त्याला तेथे पटेल.