आपला इतिहास कोणत्या फॉन्टमध्ये अडकला आहे?



जयंतीच्या तयारीत देवळ्यात एका कार्यकर्त्याच्या घरी 2002 च्या स्मरणिकेची सीडी सापडली. छापील प्रत कुणाकडेच उरलेली नव्हती. 13 ऑक्टोबर 1935 च्या येवला परिषदेला गेलेल्या वस्तीतल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी तिच्यात होत्या. सांगणारे आज हयात नाहीत. नव्या संगणकावर पेजमेकरची ती फाईल उघडेना.

हे का घडले? 1990 नंतर मराठी छपाई संगणकावर आली, ती श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टवर. त्यांत इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असे. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. फॉन्ट गेला की मजकुराची खिचडी! युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, विंडोज 2000 पासून ती विंडोजवर चालते. पण पेजमेकरला युनिकोड कळत नव्हते. म्हणून आपल्या स्मरणिका, पत्रके, अनियतकालिके जुन्या फॉन्टमध्येच निघत राहिली.

मग कंपन्यांनी हात वर केले. पेजमेकर 2001 च्या सातव्या आवृत्तीवर थांबले. विंडोज एक्सपीचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला संपला, विंडोज 10 चा 14 ऑक्टोबर 2025 ला.

काही जण म्हणतील, "नवीन घ्या, त्यात काय?" प्रश्न पैशाचा आहेच, पण त्याहून मोठा आहे. मोठ्या वृत्तपत्रांकडे संग्रह सांभाळायला पगारी माणसे असतात. वर्गणीवर चालणाऱ्या आपल्या मंडळांकडे कोण आहे? जुन्या फाईलचे आयुष्य कंपनी ठरवणार असेल, तर कुणाच्या आठवणी टिकणार हेही बाजारच ठरवणार.

बाबासाहेबांचे 'रिडल्स' हे अप्रकाशित लेखन वसंत मून यांच्या संपादनाखाली 1987 साली छापले गेले, महापरिनिर्वाणानंतर 31 वर्षांनी. कागद थांबला, म्हणून ते वाचता आले. आपली सीडी तेवढी थांबेल का?

आम्हाला वाट सापडली ती फुकटच्या लिब्रेऑफिसमध्ये. जगभरच्या लोकांनी मिळून चालवलेल्या या सॉफ्टवेअरने 2015 मध्ये पेजमेकरच्या फाईल वाचण्याची सोय आणली. कंपनीने सोडलेले काम लोकांनी उचलले! फाईल उघडली, पण अक्षरे इंग्रजीच दिसत होती. कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणला. रफार आणि जोडाक्षरे तुटली होती, ती दोन पोरींनी चार रात्री बसून दुरुस्त केली.

तेव्हा प्रत्येक वस्तीत हे काम हाती घ्या. जुन्या सीडी, पेन ड्राइव्ह गोळा करा. डीटीपीवाल्याकडून फाईलसोबत फॉन्टही मागून घ्या. मजकूर युनिकोडमध्ये आणा, तीन ठिकाणी ठेवा आणि एक प्रत कागदावर छापून विहारात ठेवा. शासनाकडेही मागणी करा की जुन्या मराठी फॉन्टचे रूपांतर करणारी साधने सर्वांना मोफत आणि कायमची मिळावीत.

मूकनायक काढणाऱ्या बापाची आपण लेकरे. आपलेच शब्द संगणकात मुके होऊ द्यायचे का?

जय भीम! जय संविधान!