जयंती रोहू

रोहू (लॅबिओ रोहिता) या गोड्या पाण्यातील माशाचा निवड पद्धतीने घडवलेला, जलद वाढणारा वाण. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा येथे असलेल्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने (सीफा) १९९२ मध्ये नॉर्वेतील ॲक्वाफोर्स्क संस्थेच्या साहाय्याने हे काम हाती घेतले. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १९९७ मध्ये, वाण प्रसृत झाला. नाव त्यावरून पडले. सॅमनवर १९७० च्या दशकात असाच प्रयोग केलेला असल्याने नॉर्वेकडे हा अनुभव होता. कटला, रोहू आणि मृगळ या तिघांत खवय्यांची पसंती रोहूला, पण तळ्यात त्याची वाढ कटलाच्या मागे पडते. म्हणून सुरुवात रोहूपासून झाली.

रोहूची मादी वजनाच्या दर किलोमागे दोन-तीन लाख अंडी देते. ही सुबत्ताच अडचणीची ठरते. हीरालाल चौधुरी यांनी १९५७ मध्ये ओडिशात पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रेरित प्रजनन साधले आणि नदीतून बीज गोळा करण्याची गरज हळूहळू सरली. मग मूठभर जोड्यांवर अख्खी हॅचरी चालू लागली. त्यांचीच पिल्ले पुढे प्रजनक म्हणून ठेवली, की भावंडांचा आपसांत संकर होतो, वाढ खुंटते, मरतूक वाढते. गाई-म्हशींची वंशावळ पाहणारा शेतकरी माशाच्या बाबतीत ती पाहत नाही; पाहणार तरी कशी?

सीफाने आधी विविधता जमवली. गंगा, यमुना, गोमती, सतलज आणि ब्रह्मपुत्रा या पाच नद्यांतील रोहू आणले, संस्थेच्या तळ्यांतला साठा त्यांत मिळवला आणि या गटांचा परस्परांशी संकर केला. खरी कसोटी पुढे होती. मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यांतून नुकतीच निघालेली पिल्ले, सगळी सारखीच दिसतात, त्यामुळे प्रत्येक जोडीची पिल्ले वेगळ्या तळ्यात वाढवावी लागतात. ती पुरेशी मोठी झाली, की तांदळाच्या दाण्याएवढी इलेक्ट्रॉनिक खूणचिठ्ठी पोटाच्या पोकळीत बसवतात आणि सर्व कुटुंबे एकाच तळ्यात सोडतात. पाणी आणि खाद्य सारखे असल्याने वजनातल्या फरकात आनुवंशिकतेचा वाटा मोजता येतो. पुढच्या पिढीचे पालक निवडताना माशाचे स्वतःचे वजन आणि त्याच्या भावंडांची सरासरी, दोन्ही पाहतात. अंडी लाखोंनी मिळत असल्याने फार थोडे मासे राखून बाकीचे बाजूला काढणे परवडते. गुरांत इतकी कडक निवड शक्यच नसते. मात्र रोहू वयात यायला दोन-तीन वर्षे घेतो, तेव्हा एका पिढीलाही तेवढा धीर धरावा लागतो.

वाढीत दर पिढीला सरासरी सुमारे १७ टक्के सुधारणा झाली. एअरोमोनास जिवाणूच्या रोगाला तोंड देणाऱ्या कुटुंबांचीही पुढे निवड सुरू झाली. जयंतीत बाहेरचे कोणतेही जनुक घातलेले नाही. ‘जनुकीय सुधारणा’ या शब्दाने तसा गैरसमज होतो, तो निराधार आहे.

गोची शेवटच्या टप्प्यावर आहे. बोटुकली हातात घेऊन ती जयंतीची की साध्या रोहूची, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. हॅचरीच्या गोल टाकीत रोहू आणि कटला एकत्र सोडले, तर संकरित पिल्लेही निपजतात आणि रोहू म्हणूनच विकली जातात. बीज घेणाऱ्याने हॅचरीवाल्याला प्रजनक मासे कुठून आणले आणि शेवटचे केव्हा बदलले, एवढे तरी विचारावे.