माळशिरसची दुपार आणि मुंबईचे घड्याळ

१/ माळशिरसला सूर्य माथ्यावर येतो, तेव्हा घड्याळात बारा वाजलेले नसतात. वर्षभराच्या सरासरीने साडेबारा वाजलेले असतात. या अर्ध्या तासाच्या अंतरामागे मुंबईत अनेक दशके चाललेला एक वाद आहे.

२/ प्रथम गणित. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका रेखांशामागे ४ मिनिटे. मुंबई सुमारे ७२.८ अंश पूर्वेला, तर माळशिरस सुमारे ७४.९ अंशांवर. मुंबईची सूर्यवेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे, माळशिरसची जवळजवळ ५ तास. दोहोंत फरक सुमारे ८ मिनिटांचा.

३/ जुन्या मापात ही ८ मिनिटे म्हणजे २० पळे. ६० पळांची एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे. ६० घटिकांचे अहोरात्र. हे मोजमाप सूर्योदयापासून सुरू होई. त्यामुळे प्रत्येक गावाची वेळ त्या गावाचीच असे, आणि त्यात कोणाची अडचणही होत नसे.

४/ दोन्ही ठिकाणांचा स्वभावही निराळा. माळशिरस हा पर्जन्यछायेतील तालुका. नीरेच्या पाण्यावर विसंबलेला, ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या वाटेवरचा. मुंबई म्हणजे बंदर, गिरण्या आणि आगगाडी. शेताला सूर्य पुरतो. गिरणीला भोंगा लागतो आणि गाडीला वेळापत्रक.

५/ आगगाडीने पहिला पेच निर्माण केला. रेल्वेने मद्रासची वेळ स्वीकारली होती. ती मुंबईच्या सुमारे ३० मिनिटे पुढे. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी हीच वेळ मुंबईच्या सरकारी कारभारात आणली. शहराने ती मनापासून स्वीकारली नाही आणि १८८३ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली.

६/ १ जानेवारी १९०६ रोजी ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती ८२.५ अंश रेखांशावर बेतलेली. मुंबईची घड्याळे एका दिवसात ३९ मिनिटे पुढे ढकलली गेली.

७/ हा फरक सर्वांना सारखा जाणवणार नव्हता. कचेरीतल्या साहेबासाठी तो केवळ काट्यांचा होता. पहाटे गिरणीच्या दारात उभ्या राहणाऱ्या कामगाराची मात्र ३९ मिनिटांची झोप जाणार होती. त्याच जानेवारीत गिरणी कामगारांचा संताप उफाळून आला. वंगभंगाच्या पाठोपाठ आलेली ही वेळ अनेकांना परकी सत्तेचा आणखी एक हुकूम वाटली.

८/ मुंबई महापालिकेने आपल्या घड्याळांवर ‘मुंबई टाइम’ कायम ठेवला, तो थेट स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे. एकाच शहरात दोन वेळा नांदत होत्या. भेट ठरवताना ‘कोणत्या वेळेने?’ हे विचारणे भाग होते. कलकत्त्यानेही आपली वेळ १९४८ पर्यंत जपली.

९/ हा हट्ट केवळ आपलाच नव्हे. आफ्रिकेत लायबेरियाने १९७२ पर्यंत ग्रिनिचच्या ४४ मिनिटे ३० सेकंद मागे असलेली स्वतःची वेळ पाळली. इथिओपियाची अधिकृत वेळ ग्रिनिचच्या ३ तास पुढे. पण तेथील लोक आजही तास पहाटेपासून मोजतात. आपल्या सकाळी सातला तेथे ‘एक’ वाजतो. घटिकांच्या हिशेबाशी परिचित असलेल्या कोणालाही हे विचित्र वाटू नये.

१०/ माळशिरसमध्ये असा लढा झाल्याचे ऐकिवात नाही. तेथे भोंगा नव्हता. गावावरून रेल्वेमार्गही गेला नाही. वेळेचा झगडा तेथेच पेटतो, जेथे एकाच्या घड्याळावर दुसऱ्याची मजुरी ठरते.

११/ एक प्रमाणवेळ नसती तर गाड्या, तारा, परीक्षा, निवडणुका यांचा मेळ बसला नसता, हेही तितकेच खरे. मुंबईने अखेर ती स्वीकारली. परंतु पंचांग आजही स्थळ विचारते. गाव बदलले की सूर्योदयाची मिनिटे बदलावी लागतात. प्रमाणवेळ हा देशाने केलेला करार आहे. माळशिरसच्या अंगणातली सावली मात्र साडेबाराच्या सुमारासच सर्वांत आखूड होते.