अंगणवाडीतील श्रवण तपासणी
अंगणवाडीतील श्रवण तपासणी ही सहा वर्षांखालील बालकांमधील बहिरेपणा ओळखण्यासाठी आरोग्य विभाग व एकात्मिक बालविकास सेवा योजना यांच्या सहकार्याने होणारी तपासणी होय. ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा भाग आहे. या कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातील पालघर येथे झाला.

कार्यक्रमानुसार दोन आयुष वैद्यकीय अधिकारी, परिचारिका व औषधनिर्माता यांचे फिरते पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीस भेट देते. बालक आवाजाकडे वळते का, वयानुसार बोलते का, हे पाहिले जाते. हाकेला प्रतिसाद न देणारे मूल सेविकेला रोज दिसत असल्याने तिची माहिती मोलाची ठरते. केवळ निरीक्षणात सौम्य किंवा एकाच कानाचा बहिरेपणा सहज निसटतो. नांदेड जिल्ह्यातील बिलोली तालुका तेलंगणाच्या सीमेवर आहे. तेथे घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलाचा मराठीतील अबोलपणा हा श्रवणदोष नव्हे, हेही पारखावे लागते.

संशयित बालकास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवून ओएई व बेरा चाचण्या केल्या जातात. आंतरराष्ट्रीय निकषानुसार चाळणी पहिल्या, निदान तिसऱ्या व उपचारांचा प्रारंभ सहाव्या महिन्यापर्यंत अपेक्षित आहे. अंगणवाडीतील पूर्वप्राथमिक शिक्षण मात्र तिसऱ्या वर्षी सुरू होते. तोवर भाषा शिकण्याचा महत्त्वाचा काळ सरलेला असतो. त्यामुळे प्रसूतीच्या ठिकाणी व आशा कार्यकर्तीच्या गृहभेटींत होणारी नवजात तपासणी अधिक निर्णायक मानली जाते.