अफवा येण्याआधी माणसं जोडलेली हवीत

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. पण विषय आपल्याच जिल्ह्याचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

पालघरचं नाव देशभर गेलं ते 16 एप्रिल 2020 च्या रात्रीमुळे. डहाणू तालुक्यातलं गडचिंचले. लॉकडाऊनचे दिवस, गावोगाव रात्रीचे पहारे आणि सगळीकडे एकच चर्चा : चोर आलेत, मुलं पळवणारे फिरताहेत. सुरतला अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावाच्या तावडीत सापडले. पोलीस पोचले होते, तरी तिघांचाही जीव गेला. दोनच दिवस आधी त्याच पट्ट्यात धान्य वाटून परतणाऱ्या डॉक्टरच्या पथकावर हल्ला झाला होता. इशारा मिळाला होता, पण तो ऐकणारं कुणी नव्हतं.

मग दुसरी अफवा सुटली. या हत्येला हिंदू-मुस्लीम रंग दिला गेला. शेवटी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना जाहीर करावं लागलं की अटक झालेल्या 101 जणांत एकही मुस्लीम नाही. पहिल्या अफवेने तिघांना मारलं, दुसरीने आणखी किती जणांचा घात केला असता कोण जाणे.

मला एक गोष्ट सारखी खटकते. गावच्या महिला सरपंचांनी नंतर सांगितलं की आपण जमावाला समजवायचा प्रयत्न केला होता. समोर शेकडो माणसं आणि मध्ये एकटी बाई! हिंमत कमी नव्हती, सोबत कमी पडली. ही सोबत त्या रात्री उभी करता येत नाही. ती आधीपासून असावी लागते.

हे नुसतं बोलणं नाही. भिवंडीचं बघा. 2014 साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत भिवंडी आणि आपण एकाच ठाणे जिल्ह्यातले. तिथे 1970 ला मोठी दंगल झाली, तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग नेमावा लागला. 1984 ला पुन्हा आग लागली, ती ठाणे-मुंबईपर्यंत पसरली. 1988 नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या बांधल्या. पुढाऱ्यांना दूर ठेवून साध्या हिंदू-मुस्लीम रहिवाशांना पोलिसांबरोबर एकत्र बसवलं. दंगल नसतानाही बैठका होत राहिल्या, गल्लीतली छोटी भांडणं तिथेच मिटू लागली. त्यातून माणसं एकमेकांना नावाने ओळखू लागली.

परीक्षा झाली डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये. मुंबई जळत होती, भिवंडी शांत राहिली. ज्या गावाकडे सगळे धास्तीने बघत होते, तेच गाव! पुढे मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांच्यासारख्या मंडळींनी मोहल्ला कमिटीची चळवळ उभी केली.

कायदा आहेच. 17 जुलै 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात नोडल अधिकारी नेमायला सांगितलं. त्याच महिन्याच्या 1 तारखेला धुळ्याच्या राईनपाड्यात मुलं पळवण्याच्या संशयावरून भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं होतं. पण अफवा पाच मिनिटांत पाड्यावर पोचते, पोलीस गाडी तेवढ्यात पोचत नाही. मधला वेळ आपल्यालाच सांभाळायचा असतो.

आता आपल्याकडे बघू. माकुणसार, केळवे, सफाळे ते बोईसर हा पट्टा आता एकजिनसी राहिलेला नाही. जुने गावकरी, आदिवासी पाडे, मच्छीमार वस्त्या, तारापूर एमआयडीसीत कामाला आलेली यूपी-बिहारची भाडेकरू पोरं. सकाळी एकाच गाडीत बसतो, पण शेजाऱ्याचं नाव विचारत नाही. उद्या कुणाच्या मोबाईलवर खोटा व्हिडिओ आला, तर त्या पोराच्या बाजूने कोण उभं राहणार?

2007 पासून गावोगाव तंटामुक्त समित्या आहेत. नवीन काही काढायची गरज नाही. माझी सूचना एवढीच : येत्या ग्रामसभेत त्या समितीत पाड्यावरची माणसं, महिला, सगळ्या धर्मांचे लोक आणि भाडेकरूंचा एक प्रतिनिधी घ्या. बीटच्या पोलिसाला महिन्यातून एकदा बोलवा. सगळ्यांचे नंबर एकमेकांकडे असू द्या. अफवा आली की पुढे ढकलायच्या आधी त्यातल्या एकाला फोन लावायचा, बस्स.

ग्रामसभेत हा विषय मी मांडणार आहे. कोण कोण सोबत येताय, खाली कळवा.