पहिल्या धारेचा वास

चैत्रात कोका-नागझिऱ्याच्या रानात मोहाची फिकट, गरदार फुले टपटप गळू लागली, की उजाडण्यापूर्वीच टोपल्या घेतलेल्या बायामुलांनी साकोली-लाखनीकडील वाटा जाग्या होतात. आणि वाळल्यावर ज्यांच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग शर्करेचाच असतो, त्या या फुलांभोवतीच भंडारा जिल्ह्याच्या आबकारीचा इतिहास गुंफला गेला आहे. 1853 साली तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक निवर्तले, पुढील वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले, 1861 मध्ये मध्यप्रांत अस्तित्वात आला, आणि जी फुले गोंडांच्या देवाचा नैवेद्य व दुष्काळातले अन्न होती, ती सरकारदरबारी महसुलाची बाब ठरली. भट्ट्यांचे मक्ते लिलावाने जाऊ लागले; पुढे 1938 चा प्रांतिक दारूबंदी कायदा आला; आणि त्यानंतर लागू झालेल्या 1949 च्या मुंबई कायद्याने तर फुलांच्या साठ्यावरही निर्बंध घातले.

दप्तरात मद्याच्या तीव्रतेची नोंद होई. वासाची पारख मात्र भट्टीवाल्याच्या नाकात होती. भिजवलेली फुले आंबून सडवा तयार झाला, की तो मडक्यात चढवून, सांधे मातीने लिंपून, बांबूच्या नळीवाटे थंड पाण्यातील भांड्यात उतरवावयाचा. त्यातून प्रथम ठिबकणारे थेंब तळहातावर चोळले असता तळवा एकाएकी गार पडतो आणि अतिपक्व फळासारखा गोड, नाकात झोंबणारा दरवळ उठतो. हा दरवळ मुख्यतः एथिल ॲसिटेट या एस्टरचा. मद्यार्क आणि सडव्यातील ॲसिटिक अम्ल यांच्या संयोगातून तो अल्पांशाने उपजतो, सडवा आंबट होऊ लागला तर वाढतो, आणि मद्यार्क 78 अंशांस उकळतो तर हा 77 अंशांसच, म्हणून ॲसिटाल्डिहाइडसारख्या चंचल द्रव्यांसह पहिल्या धारेत एकवटतो. ‘पहिल्या धारेची’ हे आपल्या भाषेत प्रशंसेचे विशेषण होऊन बसले आहे; वस्तुतः टाकून द्यावयाचा अंश तोच, असे मला निक्षून सांगावेसे वाटते.

शुद्ध स्वरूपात एथिल ॲसिटेट हा द्रव रंग पातळ करण्यासाठी आणि नखांचा रंग काढण्यासाठी सर्रास वापरला जातो, परंतु त्याच्या सुगंधावर विसंबू नये. बंद खोलीत त्याची वाफ हुंगली तर डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, डोके गरगरते. आणि याहून मोठे भय अग्नीचे. उणे 4 अंशांइतक्या थंडीतही त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, मग वैशाखातल्या भंडाऱ्याची काय कथा! हवेत दोन टक्के वाफ मिसळली तरी ज्वालेस पुरे. ती हवेच्या तिप्पट जड असल्याने वर न जाता जमिनीलगत सरपटत, दिसेनाशी, दूरच्या चुलीपर्यंत पोहोचते; आणि द्रव ओतून रिते केलेले भांडे, आत केवळ वास उरला आहे अशा समजुतीने विस्तवाजवळ ठेवले, तर आतली वाफ भडकून स्फोट होऊ शकतो.