आजोबांचे घड्याळ कोणते?

आपल्या देशात जुन्या मनगटी घड्याळाच्या तबकडीवर जे नाव असते, ते पुष्कळदा घड्याळ घडविणाऱ्याचे नसून विकणाऱ्याचे असते. वारसाने आलेले घड्याळ ओळखू पाहणाऱ्याने ही गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावी. ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’ हे नाव वाचताच लंडनची आठवण होते. घड्याळे मात्र येत स्वित्झर्लंडच्या सेंट-इमिए गावाहून, आणि पेढी उघडली ती १८८६ साली, मुंबईत. पुढे तबकडीवर कलकत्त्याचेही नाव आले. तिचे सर्वांत गाजलेले घड्याळ ‘सोवार’. रोमन लिपीतून वाचल्यामुळे हा शब्द परका वाटतो. वस्तुतः तो आपला ‘स्वार’च, घोडदळाचा शिपाई. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढणाऱ्या फौजेतील पुष्कळांच्या मनगटावर या पेढीची घड्याळे होती.

आमचा सावलीचा मुलूख वैनगंगेच्या अलीकडचा, भाताचा आणि जंगलाचा. १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा होईपर्यंत नदीचे दोन्ही काठ एकाच जिल्ह्यात होते. येथे दिवस उन्हावर आणि सावलीवर मोजला जाई. १९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन सावलीला भरले आणि गांधीजी आले. वेळेचे एवढे काटेकोर गृहस्थ. पण त्यांचे घड्याळ मनगटावर नसे, कमरेला लटकलेले असे.

आमच्या घरी जे ‘सोवार’ आहे, त्याची कथा ठरलेली: आजोबांच्या वडिलांनी ते पहिल्या लढाईवरून आणले. घरातील वडीलधारी मंडळी ही कथा इतक्या प्रेमाने सांगतात, की कोणी शंका काढू नये. पण घड्याळाच्या पाठीचे झाकण उघडले, की साक्ष देणारा दुसराच बोलू लागतो. मागेपुढे डोलणाऱ्या चक्राच्या मध्यभागी, माणकाच्या खड्यावर वीणेच्या आकाराची चिमुकली सोनेरी स्प्रिंग दिसते. ही ‘इन्काब्लॉक’ म्हणजे धक्का सोसण्याची योजना. घड्याळ हातातून पडले तरी चक्राच्या आसाचे नाजूक टोक तिच्यामुळे मोडत नाही. ती निघाली १९३४ च्या सुमारास. १९१८ साली संपलेल्या युद्धातून ती कोणी आणणे शक्य नाही.

त्याच चक्राच्या जवळपास, पट्टीवर, बहुतेक स्विस घड्याळांत यंत्र बनविणाऱ्याची खूण आणि यंत्राचा अनुक्रम कोरलेला असतो. तो भिंगाखाली वाचावा. खरे कूळ तेथे कळते. लाँजिन्सचे यंत्र असेल, तर त्या कारखान्याच्या दफ्तरातून क्रमांकावरून जुनी नोंद मिळू शकते. झाकणाच्या आतल्या बाजूस सुईने ओरखडलेली अक्षरे आणि आकडे आढळतात. ती दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांची खूण. ते ओरखडे घासून चकचकीत करण्याचा मोह आवरावा.

तबकडीवर मात्र फार विश्वास ठेवू नये. जुन्या तबकड्या पुन्हा रंगवून विकण्याचा धंदा आपल्याकडे जोरात चालला आहे. अक्षरे जाडीभरडी, मिनिटांच्या रेघा काट्याशी न जुळणाऱ्या, रंग भडक, असे दिसले की समजावे. अंधारात चमकण्यासाठी लावलेला जुना पिवळट लेप रेडियमचा असू शकतो. त्याची चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही, कारण रेडियम निम्मे होण्यास सुमारे १६०० वर्षे लागतात. तो खरवडू नये आणि अशी तबकडी मुलांच्या हाती देऊ नये.

१९६१ साली एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळुरास घड्याळे बनविण्यास आरंभ केला, आणि पुढच्या पिढीच्या मनगटावर ‘जनता’ आले, काहींवर तर देवनागरीत नाव लिहिलेले. ते ओळखणे सोपे. २०१६ मध्ये एचएमटीचा घड्याळ व्यवसाय बंद करण्याचा निर्णय झाल्यावर त्यांचीही किंमत लोकांना कळू लागली.

राहिला प्रश्न आमच्या ‘सोवार’चा. घड्याळ सांगते ते १९३४ नंतरचे, आणि आजोबांच्या विवाहाची नोंद चर्चच्या वहीत त्याच काळानंतरची आहे. लग्नात ते आजीच्या माहेरून आले असावे, असा आमचा तर्क. लढाईवर गेलेल्या पणजोबांपाशी घड्याळ असेलही. पण ते हे नव्हे. घरातल्या मंडळींना हे सांगितले, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, “मग आजीचे नाव आजवर कोणी कसे घेतले नाही?”